वारशाने आलेल्या कोंबड्या: जात कशी ओळखायची आणि कोंबडे किती ठेवायचे

काकी मार्गशीर्षात वारली. तिचे दिवस झाल्यावर घराची किल्ली आणि मागीलदारचं खुराडं माझ्याकडे आलं. खुराड्यात चोवीस पक्षी होते आणि त्यांतले सात कोंबडे. काळे, तांबडे, ठिपक्यांचे, एक उघड्या मानेचा. कुठली कोंबडी कुठून आली, कोण कुणाचं पिल्लू, कोण अंड्यावर आहे म्हणजे सध्या अंडी घालते आहे, हे सगळं काकीच्या डोक्यात होतं. वहीत एक ओळ नव्हती. पंधरा दिवसांत दोन तलंगांच्या, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांच्या, पाठीवरची पिसं गेली, एका कोंबड्याचा डोळा सुजला आणि अंडी रोजच्या नऊ-दहावरून चारावर आली.

तेव्हा मी जे उलट्या क्रमाने शिकलो, ते इथे सरळ क्रमाने लिहितो आहे. गावाकडचं घर सांभाळायला जाणाऱ्या बऱ्याच जणांवर ही वेळ येते आणि बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "या कोणत्या जातीच्या?" तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण कोंबड्यांचा, म्हणजे नरांचा, निर्णय त्याहून आधी लागतो, कारण पुढच्या प्रत्येक पिल्लात कोंबडीचं रक्त वेगळं असलं तरी कोंबड्याचं तेच असतं.

पहिला आठवडा: मोजा, विचारा, काही बदलू नका

कोंबड्या दिवसा मोजता येत नाहीत. दिवेलागणीला सगळ्या खुराड्यात शिरल्या की मोजायच्या, तीन संध्याकाळी लागोपाठ. आकडा तीनही दिवस सारखा आला तर तो खरा. माझा पहिल्या दिवशी बावीस आला, कारण दोघी आंब्यावर झोपत होत्या.

खाणं, खाण्याची वेळ आणि बोलावण्याची हाक जशीच्या तशी ठेवा. शेजारणीला विचारा की गेलेलं माणूस कोंबड्यांना काय म्हणून हाक मारायचं. काकीची हाक मला शेजारच्या वहिनींनी करून दाखवली आणि जे पक्षी आठ दिवस माझ्यापासून लांब पळत होते ते पाच मिनिटांत खळ्यात जमले.

शेजाऱ्यांना आणखी दोन गोष्टी विचारायच्या असतात आणि त्या विचारल्याशिवाय एकही पक्षी विकू नये. पहिली, वाट्याने दिलेली कोंबडी. गावात एकीची कोंबडी दुसरी सांभाळते आणि पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घेतात. तुमच्या खुराड्यातली एखादी अशी दुसऱ्याची असू शकते आणि तुमची एखादी पलीकडच्या वाडीत असू शकते. दुसरी, नवसाचा किंवा राखणीचा कोंबडा. कोकणात राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, द्यायचा कोंबडा आधीपासून ठरवून ठेवलेला असतो. तुमची श्रद्धा असो वा नसो, गेलेल्या माणसाने शब्द दिलेला असतो आणि घरातल्या थोरांना तो माहीत असतो. आमच्या सातांतला एक तसा होता. तो विकला असता तर पैसे मिळाले असते, पण भावकीत वर्षभर बोलणं बंद झालं असतं.

रात्रीची तपासणी

कोंबडीला अंधारात दिसत नाही, म्हणून ती रात्री निमूट हातात येते. मंद बॅटरी, एक वही, पायात घालायच्या रंगीत प्लास्टिकच्या कड्या आणि मदतीला एक माणूस. एका रात्री आठ-दहाच पक्षी घ्या. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरायचे, पाय बोटांत अडकवायचे, छाती तळहातावर टेकवायची. नुसत्या पायांना धरून उलटं लोंबकळवू नका.

प्रत्येकाच्या कडीचा रंग वहीत लिहा आणि त्यापुढे वजन, तुऱ्याचा आकार, कानाच्या पाळीचा रंग, पायाचा रंग, चोचीची अवस्था. सकाळी बाजूने एक फोटो काढून ठेवा. वाढत्या पिल्लांच्या कड्या दर पंधरा दिवसांनी बघाव्या लागतात, नाहीतर मांसात रुततात.

हात लागतोच आहे तर तब्येतही बघून घ्या. शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं फुंकून बाजूला केली की उवा धावताना दिसतात. पायाचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर तो खवल्यांखाली राहणाऱ्या बारीक किड्यांचा त्रास. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन आठवड्यातून दोनदा खोबरेल तेल चोळलं की किडे गुदमरतात. मात्र खवले पूर्ववत व्हायला महिने लागतात. उवांसाठी कोंबड्यांना लोळायला राख आणि कोरड्या मातीचा खड्डा पावसाच्या आडोशाला करून द्या. खुराड्याच्या फटी चुन्याने बुजवा. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर तो पक्षी उपाशी किंवा जंताने खंगलेला आहे.

लसीची नोंद कुठेच सापडणार नाही असं धरून चाला. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग एका आठवड्यात खुराडं रिकामं करतो आणि त्याला औषध नाही, लसच आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांची संख्या आणि अंदाजे वय सांगा. राणीखेतच्या दोन लसींपैकी लासोटा आधी द्यायची की आर-टू-बी टोचायची, देवीची लस कधी, ते डॉक्टर ठरवतील. आणि एक इशारा. भराभर पक्षी मेले तर मेलेल्यांना हात न लावता आधी दवाखान्यात कळवा. भारतातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला होता.

नर की मादी, आणि वय किती

मोठ्या पक्ष्यांत प्रश्न नसतो. घोटाळा होतो तो अडीच ते चार महिन्यांच्या पक्ष्यांत. नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका, काही तलंगांनाही मोठा तुरा येतो. मानेची आणि कमरेवरची पिसं बघा. नराची लांब, टोकदार आणि चकचकीत असतात, मादीची टोकाला गोल. शेपटीत विळ्यासारखं वळलेलं पीस दिसायला लागलं की शंकाच नाही. आरवण्याचा पहिला प्रयत्न, तो घसा बसल्यासारखा आवाज, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात ऐकू येतो.

कोंबड्याचं वय पायाच्या मागच्या काट्यावरून अंदाजता येतं. नुसता उंचवटा असेल तर तो वर्षाच्या आतला, बोटाच्या पेराएवढा टोकदार काटा असेल तर दोन वर्षांच्या आसपासचा किंवा जास्त. नेमकं वय यातून कळत नाही, पण सात जणांत थोरला कोण आणि धाकटा कोण एवढं कळतं आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

आता जात

आधी एक गोष्ट मान्य करा. परसातल्या बहुतेक कोंबड्या कुठल्याच एका जातीच्या नसतात. "गावरान" हे जातीचं नाव नाही. पिढ्यान् पिढ्या गावात वाढलेल्या, सरमिसळ झालेल्या पक्ष्यांना आपण ते म्हणतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ज्या देशी जातींची रीतसर नोंद आहे, त्यांत महाराष्ट्राशी थेट नातं असलेली म्हणजे बसरा, नवापूर परिसर आणि लगतच्या गुजरातमधली. तेव्हा "ही कोणती जात" यापेक्षा "हिच्यात कशाकशाचं रक्त दिसतं" हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

गावरान कोंबडी हलकी असते, सव्वा ते दीड किलोची. पाय बारीक, नजर तल्लख, घारीची सावली पडली की आधी तीच पळते. वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि मग खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. खुडूक होणं हाच तिचा मोठा गुण, कारण पिल्लं काढायला तुम्हाला तीच लागणार.

आमच्याकडे कुठल्याही रंगीत, जाड पायाच्या कोंबडीला सरसकट गिरिराज म्हणतात. खरं तर असे सुधारित वाण अनेक आहेत. गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत, कावेरी बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत. नुसतं बघून या चौघी एकमेकींपासून वेगळ्या काढणं जाणकारालाही अवघड जातं आणि परसात त्याची गरजही नाही. अंग भरदार, पाय जाड, चाल जड, अंडी जास्त, खुडूक क्वचितच, एवढं दिसलं की "सुधारित" असं वहीत लिहा. मात्र हे लक्षात ठेवा, की या पक्ष्यांची अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, घातली तर पिल्लं आईसारखी निघत नाहीत. ती वेगवेगळे वाण जुळवून काढलेली असतात आणि पुढच्या पिढीत ते गुण विस्कटतात.

काळ्या पक्ष्यांत सगळ्यात जास्त फसगत होते. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला आणि झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं काळेपण पिसांत नसून आत असतं. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, छातीची पिसं बाजूला करून कातडी बघा. कातडी, जीभ, पाय, नखं सगळं काळं-करडं असायला हवं, तुराही जांभळट-काळा. तुरा लालभडक, कातडी पांढरी आणि पिसांवर हिरवट चमक असेल तर ती बहुतेक ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प किंवा तिचा संकर. कडकनाथच्या संकरातही कातडी काळपट निघू शकते, म्हणून कातडी काळी म्हणजे पक्षी शुद्ध, असंही नाही. आणि कडकनाथची अंडी काळी नसतात. ती फिकट बदामी, दुधाळ रंगाची असतात. काळी अंडी म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

असील उभ्या अंगाचा, लांब मानेचा, उंच पायांचा. तुरा अगदी छोटा, मटारचे दाणे ओळीने बसवल्यासारखा, आणि गळ्याखालचं मांस जवळजवळ नाही. कोंबडा तीन-चार किलोपर्यंत जातो. मांसाला उत्तम, अंडी थोडी. पण त्याच्या रक्तात झुंज आहे. असील रक्ताचे दोन कोंबडे एका अंगणात ठेवाल तर त्यातला एक राहील.

उघड्या मानेचा पक्षी बघून घाबरू नका, तो रोग नाही. तो एका जनुकाचा परिणाम आहे, अंगावरही पिसं कमी असतात आणि त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात असे पक्षी टिकून राहतात. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुपका असेल तर ते जनुक आई-बापांपैकी एकाकडून आलेलं, मान पूर्ण उघडी असेल तर दोघांकडून. उलट्या, कुरळ्या पिसांचा पक्षी असेल तर एवढंच पाळा, की तशाच दुसऱ्याशी त्याची जोडी जमवू नका. काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की अंग उघडं पडतं.

तांबड्या विटेच्या रंगाची, चौकोनी अंगाची, तपकिरी अंड्यांची असेल तर ऱ्होड आयलंड रेडचं रक्त. पांढरी, हलकी, मोठ्या एकेरी तुऱ्याची, पांढऱ्या कानपाळीची, पांढऱ्या अंड्यांची असेल तर लेगहॉर्न. इथे चोच बघायला विसरू नका. टोक कापलेली बोथट चोच म्हणजे पक्षी मोठ्या अंड्यांच्या फार्मवरून आला आहे, तिथला काळ संपल्यावर स्वस्तात विकलेला. आणि पांढरा बारीक अंगाचा कोंबडा दिसला तर आठवा, कुणी जत्रेतून मुलांसाठी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं आणली होती का. ती बहुतेक लेअर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीतली नको असलेली नर पिल्लं असतात. आमच्या सातांतले दोघे तेच निघाले.

अंड्यावर कोण आहे

शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन बाजूंना दोन बारीक हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी मावली तर ती अंड्यावर आहे, एकच मावलं तर नाही. ती जागा ओलसर, रुंद आणि फिकट असेल तर चालू, सुकलेली आणि आकसलेली असेल तर बंद. तुरा लाल, टवटवीत आणि हाताला गरम लागतो.

पण बंद कोंबडी लगेच काढू नका. पिसं झडण्याच्या दिवसांत आणि हिवाळ्यातल्या लहान दिवसांत अंडी थांबतातच. मला मार्गशीर्ष-पौषात निम्म्या कोंबड्या बंद दिसल्या, माघानंतर त्यांतल्या बहुतेक सुरू झाल्या. निदान तीन महिन्यांची नोंद होऊ द्या. वाटीत शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा, खाण्यात मिसळू नका. ज्या अंड्यावर आहेत त्या आपणहून खातात, नरांना तेवढा चुना नको असतो.

कोंबडे: किती ठेवायचे, कोणते ठेवायचे

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे अजूनही पुष्कळांना पटत नाही, पण खरं आहे. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी आणि कळपाच्या राखणीसाठी. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक पुरे. आमच्या सतरा कोंबड्यांना दोन हवे होते, होते सात. पाठी सोलल्या जाण्याचं आणि अंडी घटण्याचं कारण तेच होतं. अंगावर चढण्याच्या झटापटीत पिसं गेली आणि भेदरलेल्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायलाच तयार नव्हत्या.

निवड करण्याआधी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा तास नुसतं बसून बघा. मूठभर कणी टाका. चांगला कोंबडा स्वतः खात नाही, दाणा चोचीत उचलतो, टाकतो, टुकटुक आवाज करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्या खाईपर्यंत उभा राहतो. घार दिसली की लांब किंकाळीसारखा इशारा देतो. मुंगूस दिसला तर कोंबड्यांच्या आणि त्याच्या मध्ये येतो. वाईट कोंबडा स्वतः खातो, खायला आलेल्या कोंबडीच्या मानेची पिसं धरतो आणि माणसाच्या पाठीमागून झेपावतो. यानंतर बांधा बघा: पाय सरळ, बोटं वाकडी नाहीत, छातीचं हाड सरळ, डोळे स्वच्छ. रंग सगळ्यात शेवटी.

सकाळी पहिला कोण आरवतो तेही टिपून ठेवा. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की पहाटेचं आरवणं कोंबड्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालतं, उजेड दिसण्यावर नाही. पुढे त्यांनाच असं आढळलं की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि आरवायचंही राहत नाही. तेव्हा शेजाऱ्यांच्या झोपेसाठी डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकण्यापेक्षा खुराड्याची तोंडं त्यांच्या घरापासून वळवा आणि कोंबड्यांची संख्या कमी करा. दोघांच्या आरवण्याची लोकांना सवय होते, सातांची होत नाही.

वरचढ तोच चांगला असं मात्र नाही. आमचा वरचढ तांबडा होता आणि तोच माणसांवर धावायचा. मी ठेवला तो दुसऱ्या क्रमांकाचा, ठिपक्यांचा गावरान. दुसरा उघड्या मानेचा, वर्षाच्या आतला. थोरला आणि धाकटा असे दोघे असले तर धाकटा आपली पायरी ओळखून राहतो. बरोबरीच्या वयाचे दोघे भांडत बसतात.

आणखी एक हिशेब. हा कोंबडा याच कोंबड्यांच्या पोटचा असेल तर दोन पिढ्यांत पिल्लं कमी निघतात, अशक्त निघतात. दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या कुणाशी कोंबडा बदलून घ्यावा. बाहेरून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळ्या खुराड्यात, वेगळ्या भांड्यात ठेवून मगच कळपात सोडायचा, तोही रात्री.

अंगावर येणारा कोंबडा

त्याच्यापासून पळू नका आणि त्याला लाथही मारू नका. पळालात तर तो जिंकला असं त्याला वाटतं, लाथ मारलीत तर झुंज सुरू झाली असं वाटतं. जागेवर ठाम उभं राहा, हातात सूप किंवा टोपली आडवी धरा, तो बाजूला झाला की मगच कामाला लागा. धरता आला तर काखेत घेऊन पाच-दहा मिनिटं अंगणात फिरा आणि शांत झाल्यावर खाली ठेवा. महिनाभर रोज केल्यावर कोवळे कोंबडे पुष्कळदा निवळतात. दोन वर्षांचा मुरलेला कोंबडा निवळताना मी पाहिलेला नाही. घरात लहान मूल असेल तर वाट बघू नका, असा कोंबडा काढा. त्याचा काटा आणि चोच मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. त्याची पिल्लंही घेऊ नका, स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. काटा लागलाच तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा.

काटा फार वाढला असेल तर नुसतं टोक कानशीने घासून बोथट करा. कोयत्याने छाटू नका, आत जिवंत हाड आणि रक्त असतं. पाठ सोललेल्या कोंबडीला तिची कातडी भरेपर्यंत वेगळी ठेवा, कारण लाल जखम दिसली की बाकीच्या टोचतात. जाड सुती कापडाची झूल पंखांखालून बांधली तर ती कळपात लवकर परत जाऊ शकते.

दोघांची झुंज लागली तर मध्ये हात घालू नका. एकावर गोणपाट टाका किंवा डालगं झाका. आणि वेगळे केलेले दोघे चार दिवसांनी परत एकत्र आणले की पहिल्यापासून लढतात, म्हणून वेगळे करायचे तर कायमचे करा.

उरलेल्यांचं काय

ठरवलेले दोन सोडून बाकीचे पाच एकाच दिवशी वेगळे काढा. एकत्र, माद्या दिसणार नाहीत अशा लांबच्या आवारात ठेवले तर नर आपसात फार भांडत नाहीत, कारण भांडायला निमित्तच नसतं. त्यातला एक बरा निवडून दोन-तीन महिने राखीव ठेवा. मुंगूस किंवा कुत्र्याने मुख्य कोंबडा नेला तर पिल्लांचा हंगाम बुडत नाही.

बाकीचे विकायचे तर आषाढात, गटारीच्या आधी. श्रावण लागला की मागणी बसते. घरी खायचे असतील तर आधी काही औषध दिलं असल्यास किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. झुंजीसाठी मागायला येणारे चढा भाव देतात, विशेषतः असील वळणाच्या कोंबड्याला. त्यांना देऊ नका. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पायाला पातं बांधून मेलेला कोंबडा मी एकदा पाहिला आहे, पुन्हा बघायचा नाही.

कोंबडे बदलल्यानंतर लगेच अंडी रवणीला घालू नका. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या अंगात दोन आठवडे आणि कधी त्याहूनही जास्त टिकतं. तीन आठवडे गेले की मगची अंडी नव्याची. आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी, रुंद टोक वर करून थंड जागी साठवलेली, खुडूक गावरान कोंबडीखाली संध्याकाळी ठेवायची. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल नसा दिसतात. नसा नसतील ते अंडं काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतील, तेव्हा कोणत्या कडीच्या कोंबडीची किती अंडी होती आणि किती निघाली ते त्याच दिवशी वहीत लिहा.